उभं करणाऱ्या रोबोटिक मशीनचं फिटिंग : पलंगापासून ओट्यापर्यंत

उभं करणारं रोबोटिक मशीन घ्यायचं ठरलं की घरचे लोक दोनच गोष्टी विचारतात. किंमत किती, आणि माणूस पूर्ण सरळ उभा राहतो का. पलंगाची उंची कोणी विचारत नाही. खरं तर मशीन रोज वापरलं जाणार की त्याच्यावर ओले टॉवेल वाळत पडणार, हे निम्म्याहून जास्त त्या पलंगावरच ठरतं.

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून मणक्याच्या दुखापतीच्या पेशंटांसोबत काम करते. मशीन आणणाऱ्या कंपनीचा माणूस ते जोडून देतो, चालू करून दाखवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्यानंतर ते एका माणसाच्या अंगाला आणि घराला जुळवून घेण्याचं काम उरतं. हा लेख त्या कामाबद्दल आहे. घरच्यांनी वाचावा, नव्या फिजिओंनीही वाचावा. मात्र यातली तपासणी घरच्या घरी उरकायची नाही, ती डॉक्टर आणि फिजिओ समोर असतानाच व्हायला हवी.

कोणतं मशीन, ते आधी स्पष्ट करते. चाकाच्या खुर्चीत आपण बाजूने सरकून बसतो. या प्रकारात उलट आहे. माणूस पलंगाच्या कडेला बसलेला असतो, मशीन रिमोटने त्याच्यासमोर आणायचं, आणि मशीनची पाठ उघडी असल्यामुळे त्याने मागच्या बाजूने त्यात शिरायचं. पाय पायपट्टीवर, गुडघे पुढच्या पॅडला टेकलेले, बुडाखालून रुंद पट्टा घेऊन दोन्ही बाजूंना हुकात अडकवलेला. मग मशीनमधली गॅस स्प्रिंग शरीराचं वजन तोलून धरते आणि हातांनी हलकं ओढलं की माणूस उभा होतो. पुढे जॉयस्टिकने फिरायचं. तुर्कस्तानात तयार झालेलं आणि २०१२ साली जगापुढे आलेलं तेक आरएमडी हे या प्रकारातलं सगळ्यांत माहीत असलेलं मशीन. त्याची रुंदी साधारण ४२ सेंमी, म्हणजे नेहमीच्या व्हीलचेअरपेक्षा बरीच कमी. काही मशीनमध्ये स्प्रिंगऐवजी मोटर उचलण्याचं काम करते. फिटिंगची तत्त्वं मात्र तीच राहतात.

ज्यांना फक्त व्यायाम म्हणून रोज थोडा वेळ उभं राहायचं आहे, त्यांनी लाखांच्या घरात जाणाऱ्या मशीनमागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयआयटी मद्रासने तयार केलेली ‘अराइज’ ही हाताने उभी होणारी खुर्ची २०१९ मध्ये बाजारात आली. साधी लाकडी स्टँडिंग फ्रेम तर ओळखीचा सुतारही फिजिओच्या मापाने करून देतो. रोबोटिक मशीनचा खरा उपयोग उभ्या उभ्या काम करणाऱ्याला आहे. ओट्याशी, दुकानाच्या काउंटरशी, फळ्यासमोर.

आधी उभं राहू द्यायचं का, ते ठरवा

दुखापतीनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत लकवा झालेल्या भागातली हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि सगळ्यांत जास्त गुडघ्याच्या वर-खाली. नेमका तिथेच मशीनचा पॅड टेकतो. त्यामुळे बरीच वर्षं बसून असलेल्या माणसाचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि नितंब-गुडघ्याचे एक्स-रे झाल्याशिवाय त्याला उभं करू नये. एक्स-रेचा आणखी एक उपयोग असतो. काही पेशंटांच्या नितंबाच्या सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होतं आणि सांधा अडकतो. असा सांधा पट्ट्याच्या जोराने सरळ करायला गेलं तर मांडीचं हाड मोडू शकतं.

तपासणीसाठी नागपुरात मिहानमधल्या एम्सचा पुनर्वसन विभाग आहे, मेडिकलचे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, ऑर्थो आणि फिजिओ विभाग आहेत. दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सीआरसीही शहरात आहे. कुठेही जा, पण डॉक्टरांकडून ‘पूर्ण वजन देऊन उभं राहायला हरकत नाही’ असं कागदावर लिहून घ्या. पायात नुकती रक्ताची गुठळी झालेली, मोडलेलं हाड अजून जुळायचं असलेलं, बुडावर किंवा टाचेवर जखम असलेली माणसं या टप्प्यावरच थांबतात. जखम भरल्यावर परत यायचं.

मग सांधे. पेशंटला कडक गादीवर उताणं झोपवून बघायचं. नितंबाचा सांधा सपाट होतो का, गुडघा सरळ होतो का, आणि घोटा काटकोनात येतो का. गुडघ्यात दहा-पंधरा अंशांची कसर पॅड थोडा पुढे घेऊन सांभाळता येते. घोट्यात थोडी कसर असेल तर टाचेखाली पाचर देता येते. नितंबात मोठी कसर असेल तर मात्र माणूस मशीनमध्ये कमरेतून वाकलेला राहतो आणि सगळा भार गुडघ्यांवर जातो. अशा वेळी महिना-दोन महिने पालथं झोपण्याचा आणि ताण देण्याचा कार्यक्रम आधी, मशीन नंतर. पाय अचानक ताठ होण्याचा त्रास, म्हणजे स्पॅझम, किती आहे आणि कशाने येतो, हेही याच वेळी लिहून ठेवायचं.

मापं, आणि वजनाचा प्रश्न

उदाहरणासाठी एक माणूस समोर धरू. वय अडतीस, राहणार सक्करदरा, इतवारीत किराणा दुकान. दुखापत डी-१० पातळीची, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याशी; हात आणि छाती पूर्ण ताकदीची, पोट अर्धवट, पाय अजिबात नाही. उंची १७० सेंमी.

उंची आणि पायांची लांबी झोपवून मोजायची. पायात तेच बूट हवेत, जे मशीनमध्ये घालणार. टाचेपासून गुडघ्याच्या वाटीखाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या गाठीपर्यंतचं अंतर, आपल्या माणसाचं ४७ सेंमी. टाचेपासून नितंबाच्या बाहेरच्या हाडापर्यंत ९० सेंमी. बसलेलं असताना नितंबांची रुंदी ३६. बुडाच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मांडीची लांबी. काखेची उंची, छातीचा घेर, कोपर काटकोनात ठेवल्यावर कोपराची उंची. पायांची मापं दोन्ही बाजूंनी वेगवेगळी घ्या. एक पाय सेंटिमीटरभर आखूड असला तरी उभं राहिल्यावर कंबर तिरकी होते आणि पट्टा एका बाजूने चावतो.

वजन हे सगळ्यांत महत्त्वाचं माप आणि नेमकं तेच अंदाजाने सांगितलं जातं. “अपघाताच्या आधी बहात्तर होतं मॅडम,” हे उत्तर काही कामाचं नाही. पाय बारीक झालेले असतात, पोट वाढलेलं असतं. स्प्रिंग वजनावर लावायची असते, त्यामुळे पाच-सहा किलोची चूक सरळ हाताला जाणवते. व्हीलचेअरसकट वजन करता येईल असा काटा प्रत्येक दवाखान्यात नसतो. धान्याच्या ठोक दुकानात पोती मोजायचा जमिनीलगतचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तो उत्तम चालतो. खुर्चीसकट वजन करा, मग रिकाम्या खुर्चीचं करा, वजाबाकी करा. आपल्या दुकानदाराचं ६८ किलो भरलं.

पलंग

आता मूळ मुद्द्यावर. मागून चढायच्या मशीनमध्ये रोजची पहिली हालचाल पलंगावरून होते. बसलेल्या माणसाचे नितंब गुडघ्यांपेक्षा खाली असतील, तर उठताना सुरुवातीच्याच टप्प्यात हातांना फार ओढावं लागतं आणि गुडघे पॅडवर घासून वर सरकतात. नितंब गुडघ्यांपेक्षा थोडे वर असतील तर तोच माणूस सहज उठतो.

मोजायची उंची गादीची नसून माणूस बसल्यावर दबलेल्या गादीची आहे. आपल्याकडे दिवाणावर कापसाची गादी असते, आणि जुनी झाली की कडेला खोलगट होते. टेपने मोजली तर ४८ सेंमी, आणि माणूस बसला की ४३. आपल्या दुकानदारासाठी दबलेली उंची ५० ते ५२ सेंमी असायला हवी. उपाय स्वस्त आहे. सुताराकडून पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे, वर पायापुरता खळगा कोरलेले, म्हणजे पलंग सरकणार नाही. कापसाच्या गादीऐवजी कडा न दबणारी घट्ट गादी. विटांचे ठोकळे ठेवू नका, बाजूने जोर आला की त्या फुटतात.

त्याच वेळी हेही लक्षात ठेवा की पलंग उंच केला की व्हीलचेअरवरून पलंगावर जाणं कठीण होतं. त्यामुळे खुर्चीच्या सीटची उंची आणि पलंगाची उंची यांत फार फरक राहणार नाही अशा बेताने ठोकळे करा. गरज पडली तर खुर्चीची गादी जाड करा.

पलंगाखाली पेटीसारखे ड्रॉवर असतील तर आणखी एक अडचण. मशीनच्या पायाचा भाग आत सरकत नाही, मशीन कडेपासून लांब उभं राहतं आणि माणसाला पुढे झुकून शिरावं लागतं. अशा घरात पलंग बदलण्याऐवजी चढण्यासाठी वेगळा स्टूल किंवा बाक करणं सोपं. पण तो भिंतीला लावून घट्ट बसवायचा. सरकणारी खुर्ची चढायला कधीच वापरू नये.

पायपट्टी, गुडघा, पट्टा

मशीन बंद, ब्रेक लागलेला, माणूस अजून बाहेर. आधी पायपट्टी. बूट एक माप मोठा, सपाट तळाचा, नाडी किंवा वेल्क्रोचा, कारण संवेदना नसलेल्या पायाची बोटं आत दुमडलेली कळत नाहीत. घरात बूट घालायचे म्हटलं की बहुतेक ठिकाणी आजी-सासूबाईंचा चेहरा बदलतो. “देवघरासमोरून बूट घालून फिरून राहिला का हा?” असं एका घरी मला तोंडावर ऐकवलं गेलं. वाद घालू नका. नवीन कोरा जोड आणा, तो कधीच उंबऱ्याबाहेर जाणार नाही असं ठरवा. अनवाणी उभं करण्याची तडजोड मात्र करू नका.

टाच पायपट्टीच्या मागच्या अडणीला टेकलेली, दोन्ही पाय खांद्यांपेक्षा थोडे कमी अंतरावर, चवडे किंचित बाहेर. पायपट्टीची उंची अशी लावायची की मशीनचा गुडघ्याजवळचा सांधा आणि माणसाचा गुडघा एका रेषेत येतील. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्यावर बॉलपेनने खूण करा आणि बाजूला उकिडवं बसून बघा. खूण आणि मशीनचा सांधा यांत दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक असला की उठताना शरीर पट्ट्यावर घसरतं. ती घसर डोळ्यांना दिसत नाही, चार दिवसांनी बुडावरच्या कातडीवर दिसते.

पॅड गुडघ्याच्या वाटीवर नको. वाटीखालच्या हाडाच्या गाठीवर आणि तिच्या आसपास तो रुंद टेकायला हवा. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या थोडं खाली, हाडाचं आणखी एक टोक लागतं. तिथून पाऊल वर उचलणारी नस कातडीलगत जाते. पॅडची कड त्यावर दाबली गेली आणि नस दुखावली, तर ज्याच्या पावलात थोडीफार हालचाल शिल्लक आहे त्याची तीही जाते. पॅडची बाहेरची कड आणि ते हाड यांच्यामध्ये बोट सहज जायला हवं.

पट्ट्यावर वेळ घालवा. तो कंबरेवर नको, माकडहाडावर तर अजिबातच नको. बुडाची हाडं जिथे टेकतात तिथून किंचित खाली, नितंब आणि मांडीच्या घडीत, सुरकुती न पडता सपाट बसायला हवा. माणसाला एका कुशीवर झुकवून पट्टा अर्धा सरकवायचा, मग दुसऱ्या कुशीवर. बसलेल्या माणसाच्या बुडाखालून पट्टा तसाच ओढून घेण्याचा मोह होतो, त्याने कातडी सोलली जाते. दोन्ही बाजूंच्या हुकापर्यंतची लांबी मोजून सारखी ठेवा, फक्त कंबर तिरकी असलेल्यांसाठी जाणूनबुजून फरक ठेवायचा असतो. पट्टा लावण्याआधी मागचे खिसे रिकामे करायला सांगा. किल्ल्या, पाकीट, सुपारीची डबी, काहीही निघतं. जीन्स नकोच. तिचे मागचे रिव्हेट आणि जाड शिवण यांनी झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. सुती पायजमा किंवा बिनशिवणीचा ट्रॅक पँट. बायकांना गाऊनपेक्षा सलवार सोयीची, कारण गाऊनचा घोळ चाकाजवळ जातो.

छातीचा पट्टा डी-१० च्या माणसाला आधारापुरता पुरतो. दुखापत त्याहून वर असेल तर तो रुंद हवा, आणि काखेखाली घासणार नाही इतका खाली.

स्प्रिंग लावणं

हा भाग चुकला तर माणूस पुन्हा मशीनकडे फिरकत नाही.

गॅस स्प्रिंगचं काम उचलून देणं नाही, तोलून धरणं आहे. वजनाच्या मानाने स्प्रिंग कमजोर ठेवली तर सगळी ओढ खांद्यांवर येते. पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पायांना लकवा झालेल्या, माणसाचे खांदे आधीच रोजच्या उठबशीत आणि खुर्ची ढकलण्यात झिजत असतात, त्यात ही भर नको. स्प्रिंग जास्त ठेवली तर माणूस झटक्यात वर फेकला जातो, त्या झटक्याने स्पॅझम येतो, आणि खाली बसायची वेळ आली की मशीन बसूच देत नाही. पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला दुसरी चूक जास्त घाबरवते. म्हणून उत्पादकाच्या तक्त्यात ६८ किलोसाठी जी खूण दिली असेल, तिच्यापेक्षा एक घर खाली सुरुवात करा आणि वाढवत जा.

तपासायची रीत सांगते. एक मदतनीस समोर, एक मागे. पट्टा अडकवलेला. माणूस हळूहळू उठतो आणि अर्ध्या वाटेवर, मांड्या साधारण तिरप्या असताना, थांबतो. आता त्याला ओढणं सैल करायला सांगा, हात दांड्यावरच ठेवून. तो जागच्या जागी थांबला किंवा अगदी सावकाश खाली सरकला, तर स्प्रिंग बरोबर आहे. धपकन खाली आला तर कमी, आपोआप वर गेला तर जास्त. हीच परीक्षा पाव वाटेवर आणि पाऊण वाटेवर करा. सगळीकडे शंभर टक्के तोल मिळत नाही. सुरुवातीचा टप्पा थोडा जड राहिला तर चालतो, शेवटचा जड राहू देऊ नका.

सुरुवातच फार जड असेल तर स्प्रिंग वाढवण्याआधी परत पलंगाची उंची बघा. बहुतेक वेळा दोष तिथे सापडतो.

मोटरने उचलणाऱ्या मशीनमध्ये ही परीक्षा नसते. तिथे उचलण्याचा वेग सगळ्यांत कमी ठेवायचा आणि जास्तीत जास्त किती अंशांपर्यंत उठायचं, ती मर्यादा सांध्यांच्या तपासणीवरून बांधून टाकायची.

पहिल्यांदा उभं राहताना

पहिल्या दिवशी मशीन चालवायचं नाही. ब्रेक, उभं राहणं, बसणं, कातडी बघणं, बस.

लघवीची पिशवी किंवा मूत्राशय रिकामं करून घ्या. रक्तदाब बसलेला असताना, अर्ध्या वाटेवर, आणि पूर्ण उभं राहिल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला मोजा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दाब पडल्याचा ठरलेला निकष आहे. डोळ्यांपुढे अंधारी, जांभया, कानात आवाज आला की आकड्याची वाट न बघता खाली बसवा. पोटाला बाइंडर, म्हणजे रुंद आवळपट्टा, आणि पायाला दाब देणारे मोजे यांनी पुष्कळांना उतार पडतो.

नागपुरात याला उन्हाळ्याची वेगळी बाजू आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि लघवी काढायला वारंवार नळी, म्हणजे कॅथेटर, घालावी लागू नये म्हणून पेशंट पाणी कमी पितात. रक्तदाब पडायला एवढं पुरे. शिवाय दुखापत जितकी वर, तितकं शरीर घामाने थंड होणं कमी. उन्हाळ्यातलं फिटिंग सकाळी सात-आठला करा. कूलरसमोर मात्र नको. अंगावर थेट गार झोत आला की अनेकांचे पाय ताठ होतात, आणि कूलरमध्ये पाणी भरताना फरशी ओली राहते.

डी-६ आणि त्याच्या वरच्या दुखापतीत उलटा धोका असतो. रक्तदाब अचानक चढतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम येतो. अशा माणसाचा नेहमीचा वरचा दाब बऱ्याचदा ९०-१०० असतो, त्यामुळे १३० हा आकडा आपल्याला साधा वाटला तरी त्याच्यासाठी तो धोक्याचा. लगेच बसवा, पण आडवं करू नका. पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का बघा, मग पोट साफ आहे का आणि कुठे काही टोचतंय का ते बघा. कारण सापडलं नाही किंवा दाब काही मिनिटांत उतरला नाही तर दवाखाना. घरातल्या दोघांना तरी हे तोंडपाठ असायला हवं.

उभं राहिल्यावर बाजूने नजर टाका. कान, खांदा, नितंबाचं हाड एका ओळीत, आणि ती ओळ घोट्याच्या किंचित पुढे उतरायला हवी. गुडघे पाचेक अंश सैल, कडक कुलूप लागलेले नकोत. भार टाचेवरही येतोय का हे बघायला वर्तमानपत्राची अरुंद पट्टी उठण्याआधी टाचेखाली घालून ठेवा. माणूस उभा झाला की ओढून बघा. सहज निघाली तर माणूस चवड्यांवर लोंबकळतोय. पायपट्टीचा कोन किंवा टाचेखालची पाचर बदला.

पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं पुरे. बसल्यावर कपडे काढून बुड, माकडहाड, गुडघे, टाचा, काखा बघा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने ऊब आणि बोटाने कडकपणा तपासा. अर्ध्या तासात न गेलेला डाग असला तर त्या जागची फिटिंग बदलल्याशिवाय दुसऱ्यांदा उभं करायचं नाही. डाग नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. बहुतेकजण पुढे अर्धा ते एक तास, आठवड्यातून चार-पाच दिवस उभे राहतात.

जॉयस्टिक आणि घर

जॉयस्टिक ज्या हाताने फोन वापरतो त्या हाताला, कोपर काटकोनात असताना मनगट सरळ राहील अशा उंचीवर. वेग सर्वांत कमी. पहिले धडे मोकळ्या हॉलमध्ये: सरळ, थांबा, उलट, जागेवर वळण. उभ्या माणसाचा तोल वर असतो, त्यामुळे झटक्यात थांबणं हे झटक्यात निघण्यापेक्षा वाईट. ब्रेकचा झटका सौम्य करण्याची सोय कंट्रोलरमध्ये असेल तर विक्रेत्याकडून करून घ्या.

मशीन ४२ सेंमी असलं तरी माणसाची कोपरं त्याच्या बाहेर येतात. दाराची मोकळी रुंदी ६० सेंमी तरी हवी. आपल्याकडे संडास-बाथरूमचं दार पुष्कळदा दोन फुटांचं असतं आणि चौकट जाता ५५ च्या आसपास उरतं. तिथे मशीन न्यायचा हट्ट सोडा. ओली फरशी आणि उभं मशीन यांची गाठ पडू नये, बाथरूमला जुनीच खुर्ची बरी.

उंबऱ्यांना तिरपी लाकडी पट्टी लावा. उंचीच्या बारापट लांबी, म्हणजे एक इंच उंबऱ्याला एक फूट. शहरातले सिमेंटचे रस्ते अनेक वस्त्यांत अंगणापेक्षा उंच झाले आहेत, त्यामुळे फाटकातून बाहेर पडताना चढ लागतो. उभं राहून तो चढ चढायचा नाही. मशीन घरापुरतं आणि दुकानाच्या सपाट फरशीपुरतं. मेट्रोला लिफ्ट आहेत हे खरं, पण गाडीच्या धक्क्यात उभ्याने प्रवास करू नका, व्हीलचेअर न्या.

ओट्याची उंची साधारण ८० ते ८६ सेंमी असते, ती उभ्या माणसाला ठीक. अडचण खाली येते. ओट्याखालच्या कपाटाच्या दारांना पायपट्टी अडते आणि माणूस ओट्यापासून हातभर लांब राहतो. सिंकखालची दोन दारं काढली की जागा होते. गॅसजवळ आधी विस्तव न लावता सराव करा. संवेदना नसलेलं पोट गरम कढईच्या काठाला टेकलं तर कळत नाही, त्यामुळे पुढच्या शेगडीऐवजी मागची वापरायची सवय लावा. कणीक मळणं, सांबार (कोथिंबीर) निवडणं, भांडी लावणं यांपासून सुरुवात करा.

दुकानदाराच्या काउंटरचं वेगळं. त्याला मागच्या फळीवरून डबे काढायचे असतात, म्हणजे कंबरेतून वळून हात लांब करायचा. छातीचा पट्टा त्या वेळी सैल नको. वळण्याऐवजी मशीनच फिरवायची सवय पहिल्यापासून लावली तर टिकते. जड माल छातीच्या उंचीवर, हलका वर, ही फळ्यांची मांडणी त्याच्या भावाला किंवा मुलाला आधीच करून ठेवायला सांगा.

नंतरची देखभाल

चार्जिंग रात्री, पलंगापासून थोडं लांब, गार खोलीत. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत मे महिन्यात बॅटरी चार्ज करत ठेवू नका. लाईन गेली किंवा बॅटरी उतरली तर उभ्या माणसाला हाताने खाली कसं आणायचं, तो मार्ग बहुतेक मशीनमध्ये दिलेला असतो. घरच्यांकडून तो मशीन बंद ठेवून दोन-तीनदा करून घ्या आणि माणूस आत असताना एकदा. ती कळ कुठे आहे हे मशीनवर रंगीत टेपने दाखवा.

पट्ट्याची शिवण आणि हुक दर आठवड्याला घरात जो कोणी पट्टा लावतो त्याने बघावेत. धागा सुटला की पट्टा बाद, घरी शिवायचा नाही. तीन-चार किलो वजन कमी-जास्त झालं की स्प्रिंगची परीक्षा परत. नवीन बूट आणले की गुडघ्याची खूण परत, कारण तळ जाड झाला की गुडघा वर जातो. आणि दिवाळीत घराची आवराआवर होते, गादी नवीन येते किंवा पलंग दुसऱ्या खोलीत जातो, तेव्हा टेप घेऊन दबलेली उंची पुन्हा मोजा.